तेलाच्या विहिरीवरचा जावई

कोणी काही फुकट देऊ केलं की ऑडिटरसाहेबांचा हात आपोआप स्वतःच्या खिशाकडे जायचा. सरकारी लेखापरीक्षण खात्यात उभं आयुष्य गेलेला माणूस. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण संशय काही निवृत्त झाला नव्हता. दूधवाल्याने ‘कसे आहात साहेब’ म्हटलं की आज दूध पातळ असणार असं त्यांना वाटायचं, आणि ते पातळ निघालं नाही की दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं. त्यामुळे सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी उठून ‘एक संस्था आपल्या इमारतीला अनुदान देणार आहे’ असं जाहीर केलं, तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ऑडिटरसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

“कशासाठी देणार आहे?” त्यांनी विचारलं.

सेक्रेटरी पेशाने विमेवाले. हसतमुख माणूस, पण मरणाच्या गोष्टी बोलताना जास्तच हसतमुख. त्यांनी चष्मा लावला आणि हातातला कागद वाचला, “बालपणातील प्रतिकूल अनुभव कमी करण्यासाठी समुदायाने करावयाच्या धोरणात्मक प्रयत्नांना अर्थसाहाय्य.”

“हे मराठीत सांगा ना,” तळमजल्यावरचे वकील म्हणाले.

“हे मराठीतच आहे. म्हणजे असं की, मुलांना जे सोसावं लागतं ते कमी व्हावं म्हणून आपण आपल्या इमारतीपुरता एखादा नियम करायचा. काय सोसावं लागतं ते आपणच शोधायचं, नियमही आपणच करायचा. त्या कामासाठी ते पैसे देणार. गच्चीवरची खोली मुलांसाठी नीट करून मिळेल.”

“नियम करायला पैसे कशाला लागतात?” ऑडिटरसाहेब म्हणाले. “मी आजवर सगळे फुकट केले.”

हे खरं होतं. जिन्यात धावू नये, गेटवर लोंबकळू नये, दुपारी चेंडू आपटू नये, लिफ्टमध्ये सायकल घालू नये, असे जे जे फलक इमारतीत लागले होते ते सगळे त्यांच्याच डोक्यातून निघालेले. मुलांच्या बाबतीत ‘नये’ सोडून दुसरं क्रियापद त्यांना फारसं माहीत नव्हतं.

वकिलांच्या शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “मग या कामाचं अध्यक्षपद ऑडिटरसाहेबांनीच घ्यावं.” आणि खोलीतले सगळे हात एकदम वर गेले. त्या खोलीत आजवर पंखा कितीवर ठेवायचा यावरही एकमत झालेलं नव्हतं. ऑडिटरसाहेब तिथेच सावध झाले. कुठंतरी पाणी मुरत होतं.

पण नाही म्हणावं तर दुसरा कोणी अध्यक्ष होणार आणि पैशांवर नजर ठेवायला आपण नसणार. त्यांनी ‘जबाबदारी म्हणून’ होकार दिला, आणि हा शब्द कार्यवृत्तात लिहायला लावला.

आता इथे त्यांच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला.

त्यांची लेक नातीला घेऊन माहेरी आली त्याला वर्ष होत आलं होतं. नवराबायकोचं पटलं नव्हतं. प्रकरण कोर्टात होतं. लेकीचा त्यात काही मोठा दोष नव्हता, आणि खरं सांगायचं तर जावयाचाही नव्हता. तो बरा माणूस होता, फक्त दोघांना एका घरात श्वास घेता येत नव्हता. हे एवढं साधं वाक्य उच्चारायला मात्र ऑडिटरसाहेबांची जीभ वळेना. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या भानगडींवर लाल पेन्सिलने शेरे मारले, त्याच्याच घरात भानगड निघावी, आणि ती जिन्यात चघळली जावी? त्यांनी इमारतीत सांगून टाकलं की जावई समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला आहेत.

खोटं कुठे पकडलं जातं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? दोन माणसांची उत्तरं जुळली नाहीत की. म्हणून त्यांनी सगळ्या घराला उत्तरं पढवली होती. विशेषतः नातीला. तिला घरात बिट्टी म्हणत. जेवण झालं की ते तिला समोर बसवत.

“बाबा कुठे असतात?”

“तेलाच्या विहिरीवर.”

“कधी येणार?”

“काम संपलं की.”

“इतके दिवस आले कसे नाहीत?”

“तिथे सुट्टी मिळत नाही. हेलिकॉप्टरने यावं लागतं.”

हेलिकॉप्टर ही बिट्टीची स्वतःची भर होती आणि ऑडिटरसाहेबांना ती फार आवडली होती. लेक एकदा म्हणाली, “बाबा, ती लहान आहे हो.” तर ते म्हणाले, “म्हणूनच. लहानांच्या तोंडूनच बाहेर पडतं.” लेक उठून आत गेली. या बंदोबस्तात एकच अडचण होती. समुद्रातल्या विहिरीवरचा माणूस रविवारी सकाळी गेट उघडून आत येऊ शकत नाही. जावयाने बिट्टीला भेटायला येऊ का म्हणून दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा ऑडिटरसाहेबांनीच ‘सध्या नको, लोक बघतात’ असं कळवलं. बाहेर कुठे भेटवावं तर कोणी ओळखीचं दिसायचं. म्हणजे ती विहीर जोवर उभी होती तोवर बिट्टीला बाप दिसणार नव्हता. अधूनमधून आईच्या फोनवर काय बोलणं होईल तेवढंच.

तर असे ऑडिटरसाहेब मुलांचे प्रतिकूल अनुभव शोधायला बाहेर पडले.

सुरुवात प्रभाग कार्यालयापासून झाली, कारण संस्थेला तिथला दाखला हवा होता. खिडकीपलीकडचा कारकून स्वेटर घालून बसला होता, बाहेर कडक ऊन असताना. ऑडिटरसाहेबांनी त्याचीही मनात नोंद घेतली.

“इमारतीत मुलं राहतात असा दाखला मिळेल,” कारकून म्हणाला. “त्यांना त्रास आहे असा मिळणार नाही.”

“पण त्रास आहे म्हणून तर अनुदान आहे.”

“त्रास नाही असा आमच्याकडे छापील आहे. तो नेता का?”

“तो घेऊन काय करू? मला त्रास आहे असा हवाय.”

“साहेब, आहे म्हणून सही केली तर उद्या वरून विचारतील, होता तर तुम्ही काय करत होतात?”

हे उत्तर इतकं बिनतोड होतं की ऑडिटरसाहेबांना खिडकीतून हात घालून त्याची पाठ थोपटावीशी वाटली. नोकरीत असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. शेवटी संस्थेने सांगितलं की दाखला नंतर बघू, आधी घरोघर फिरून मुलांची माहिती घ्या. संस्था दाखल्याशिवाय पुढे जायला तयार झाली, यावरून त्यांचा संस्थेवरचा संशय दुप्पट झाला.

घरोघर फिरण्याचा प्रकार मात्र भलताच विचित्र निघाला. त्यांनी बेल वाजवली की आतलं बोलणं थांबायचं. टीव्ही बंद व्हायचा. एरवी दारातच बोळवण करणारे लोक ‘या ना, बसा ना’ करायचे. सेक्रेटरींच्या पत्नीने तर चहा दोनदा दिला, आणि दुसऱ्यांदा त्यात साखरही होती.

“आमच्या जुळ्यांना काही त्रास नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “त्यांचा आम्हाला आहे. पण ते जाऊ द्या. तुम्ही कसे आहात? घरी सगळं ठीक?”

“माझं काय विचारताय? मी माहिती घ्यायला आलोय.”

“हो, हो. सहज विचारलं. मन मोकळं करावंसं वाटलं तर मी आहेच. त्याचा हप्ता नाही.”

वकिलांकडे वेगळा सूर. ते म्हणाले, “आमच्या धाकट्याला गणितात पडलेले मार्क हा प्रतिकूल अनुभवच आहे, पण तो माझा. त्याला काही वाटत नाही.” मग सल्ला म्हणून त्यांनी असं सुचवलं की संस्थेला एखादं मूल दाखवायचंच असेल तर धाकट्याला आपण दोन दिवस आंघोळ न घालता बसवू. ऑडिटरसाहेबांनी हा सल्ला लिहून घेतला, सल्ला म्हणून नव्हे, पुरावा म्हणून.

शिकवणीवाल्या बाई सगळ्यांत सावध बोलल्या. “माझ्याकडे येणारी सगळीच मुलं सोसतात,” त्या म्हणाल्या. “पण त्याचे त्यांचे पालक मला पैसे देतात, तेव्हा ते धरू नका.” मग जरा थांबून त्यांनी पदराशी चाळा केला. “एखादं मूल कसं असतं ना, ऑडिटरसाहेब. बाहेरून हसरं. विचाराल त्याचं उत्तर तोंडपाठ. पण आत काय चाललंय ते कोणाला कळत नाही.”

ऑडिटरसाहेबांनी पेन्सिल सरसावली. “कोणतं मूल?”

“असं नाही. सर्वसाधारण बोलतेय.”

“कितव्या मजल्यावरचं?”

“चहा घेणार का?” बाई म्हणाल्या आणि उठल्याच.

त्या संध्याकाळी ऑडिटरसाहेब घरात येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या पत्नीला सगळी इमारत ऑडिटरीणबाई म्हणायची; त्या भाजी निवडत होत्या.

“मोठा कट आहे,” ते म्हणाले. “सगळी इमारत सामील आहे. प्रत्येक घरात तेच. आमच्याकडे काही नाही, तुमच्याकडे कसं आहे? शब्दाला शब्द जुळतोय. अनुदान खायचा बेत असणार. माणसांची उत्तरं इतकी कधी जुळतात? पढवलेली असली तरच.”

“हो का?” ऑडिटरीणबाई भाजीतून मान वर न करता म्हणाल्या. “पढवलेली उत्तरं तुम्हाला लगेच ओळखू येतात म्हणायची.”

“जन्म गेलाय त्यात.”

“इमारतीतली सगळी दारं वाजवून झाली?”

“सगळी.”

“एक राहिलं असेल बघा,” त्या म्हणाल्या, आणि साहेबांनी खरोखरच बोटांवर मजले मोजून पाहिले. एकही राहिलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या बाई आल्या. ऑडिटरसाहेबांनी गाडी, ब्रीफकेस आणि गोड बोलणं अशी तयारी ठेवली होती. प्रत्यक्षात आली ती कापडी पिशवी आणि झिजलेल्या चपलांची एक हडकुळी बाई, जी जिना चढून दमली आणि वरच्या पायरीवरच बसून पाणी प्यायली. अनुदान देणारी माणसं अशी नसतात. ही एकतर तोतया असणार नाहीतर फार वरची.

“मला मुलांशीच बोलायचंय,” ती म्हणाली. “मोठी माणसं खोलीत नकोत.”

“निदान एक साक्षीदार तरी पाहिजे,” ऑडिटरसाहेब म्हणाले.

“साक्षीदार कशाला? कोर्ट थोडंच आहे?”

कोर्ट या शब्दाखाली ऑडिटरसाहेबांनी मनातल्या मनात लाल पेन्सिलने रेघ मारली. हिला कोणी सांगितलं? आणि मुलांना एकटं गाठून घरातलं काढून घेण्याची ही युक्ती तर त्यांच्या स्वतःच्या खात्यातली होती. तपासणीला गेले की तेही तिथल्या साहेबांना बाहेर बसवून शिपायाला चहा पाजत असत. त्यांनी बिट्टीला घाईघाईने बाजूला घेऊन सगळी उजळणी करून घेतली. बिट्टीने एकही उत्तर चुकवलं नाही. मग ती त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावून गच्चीवरच्या खोलीत गेली आणि दार बंद झालं.

त्या खोलीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीला लागून, वर एक झरोका होता. स्वतःचं घर वाचवण्यासाठी माणसाला काही गोष्टी कराव्या लागतात. ऑडिटरसाहेब घरातलं स्टूल काखेत मारून टाकीमागे गेले. तिथे वकील उपड्या बादलीवर उभे होते. शेजारी शिकवणीवाल्या बाई विटांच्या थरावर.

“टाकीतलं पाणी बघायला आलो होतो,” वकील हळूच म्हणाले.

“मीही,” ऑडिटरसाहेब म्हणाले. बाईंनी सभ्यपणे सरकून त्यांच्या स्टुलाला जागा करून दिली. थोड्या वेळाने सेक्रेटरी चक्क घडीची शिडी घेऊन आले. कोणी कोणाला काही विचारलं नाही. इतका मोठा सामंजस्याचा क्षण त्या सोसायटीने पूर्वी पाहिला नव्हता.

आत हशा चालला होता. संस्थेच्या बाईने मुलांना विचारलं होतं की या इमारतीत तुम्हाला सगळ्यांत नकोसं काय वाटतं, आणि झरोक्याबाहेरच्या चौघांनाही वाटलं होतं की आता अभ्यास निघणार. अभ्यासाचं कोणी नावही घेतलं नाही. मुलांना नकोसे होते जिन्यातले प्रश्न. खाली जाताना, वर येताना, लिफ्टमध्ये. कितवा नंबर आला? आई ओरडत का होती? काल कोण आलं होतं? एकेक मूल उठून एकेका मोठ्या माणसाची नक्कल करत होतं. विमेवाल्यांचं हसू झालं, शिकवणीवाल्या बाईंचा पदर झाला, आणि मग वकिलांचा धाकटा उठला. त्याने मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि खोल आवाजात म्हणाला, “काय रे, तुमच्याकडे पिशवी घेऊन कोण आलं होतं? पिशवीत काय होतं? मग जाताना रिकामी कशी?”

खोली हसून कोसळली. सेक्रेटरींनाही शिडीवर हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. ऑडिटरसाहेबांचे कान तापले. आपण इमारतीच्या भल्यासाठी डोळ्यांत तेल घालून राहायचं आणि या कार्ट्यांनी नकला करायच्या.

“आणि तू गं?” संस्थेच्या बाईचा आवाज आला. “तू काहीच बोलली नाहीस.”

“मला काही त्रास नाही,” बिट्टी म्हणाली. “माझे बाबा तेलाच्या विहिरीवर असतात. काम संपलं की येतील. तिथे सुट्टी मिळत नाही. हेलिकॉप्टरने यावं लागतं.”

ऑडिटरसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. मग जुळ्यांपैकी एकीचा आवाज आला, अगदी मवाळ.

“बिट्टे, आम्हाला माहितीये गं ते खरं नाहीये. आमच्या आईने सांगितलंय, तिला विचारायचं नाही.”

“आमच्या आईनेपण,” वकिलांचा धाकटा म्हणाला.

“मला माहितीये तुम्हाला माहितीये ते,” बिट्टी म्हणाली.

“मग सारखं कशाला सांगतेस?”

“आजोबांना माहीत नाहीये ना,” बिट्टी म्हणाली. “की सगळ्यांना कळलंय. त्यांना कळलं तर खूप वाईट वाटेल. म्हणून मी सांगते.”

वकील टाकीच्या झाकणाकडे असे बघत होते जणू त्यावर निकालपत्र लिहिलेलं आहे. शिकवणीवाल्या बाईंनी पदर तोंडाला लावला. ऑडिटरसाहेबांना रडू आलं, साधं, लहान मुलासारखं, आणि ते लपवायला त्यांनी चटकन तोंड फिरवलं. स्टूल डगमगलं. आधाराला हाताशी काय आलं तर टाकीतून बाहेर आलेली नळी. ती जुनी होती, आणि ती बदलावी असा ठराव त्यांनीच खर्च जास्त म्हणून फेटाळला होता. ती सरळ त्यांच्या हातात आली.

पाण्याचा लोट बसला तो आधी सेक्रेटरींना. त्यांची शिडी वकिलांच्या बादलीवर आली, वकील बाईंच्या विटांवर आले, आणि आवाज ऐकून सगळी मुलं आणि संस्थेच्या बाई धावत बाहेर आल्या, तेव्हा इमारतीतली चार प्रतिष्ठित माणसं टाकीखाली भिजत बसलेली होती. ऑडिटरसाहेबांचे डोळे ओले आहेत हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांचं काहीच कोरडं नव्हतं.

“आजोबा, तुम्ही इथे काय करताय?” बिट्टीने विचारलं.

“टाकी बघत होतो.”

बिट्टीने झरोक्याकडे पाहिलं. मग स्टुलाकडे, मग त्यांच्याकडे.

त्यानंतर दोन दिवस त्या घरात दोन ऑडिटर होते. आजोबांनी ऐकलं की नाही याचा नात अंदाज घेत होती, आणि आपण ऐकलं हे तिला कळलं की नाही याचा आजोबा. दोघं एकमेकांना पाणी हवं का विचारायचे आणि चोरून निरखायचे. जेवणानंतरची उजळणी कोणी सुरू केली नाही. ऑडिटरीणबाई दोघांना वाढत होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या, ते त्यांना जड जात होतं हे स्पष्ट दिसत होतं.

नियम ठरवण्याची सभा भरली तेव्हा ऑडिटरसाहेब इस्त्रीचा सदरा घालून गेले. संस्थेच्या बाई आल्या होत्या. लेक मागच्या रांगेत होती. त्यांनी उभं राहून नियम वाचला. “इमारतीतल्या कोणत्याही मोठ्या माणसाने कोणत्याही मुलाला त्याच्या घरातलं विचारू नये. विचारलं तरी मुलाने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. आणि बाहेर सांगायची उत्तरं घरच्यांनी मुलांना पढवू नयेत.”

पहिल्या भागावर खूप चर्चा झाली. कितवीत आहेस हे विचारलेलं चालेल का? चालेल. किती मार्क पडले? नाही. मग पुढे बोलायचं काय, असं सेक्रेटरींनी खरोखर चिंतेने विचारलं. शेवटचा भाग निघाला तेव्हा मात्र सगळे आपापल्या नखांकडे बघत होते.

“तो भाग माझ्या घरासाठी आहे,” ऑडिटरसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. “माझे जावई कुठल्याही विहिरीवर नाहीत. माझ्या लेकीचं आणि त्यांचं पटलं नाही. ती आता इथेच राहणार आहे. मला हे सांगायची लाज वाटली, म्हणून मी लहान पोरीला खोटं बोलायला लावलं. तिचा काही दोष नाही. लेकीचाही नाही.”

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. सगळी सभा एकदम चकित झाली.

“अरेरे,” सेक्रेटरी म्हणाले. “आम्हाला तर कल्पनाच नव्हती.”

“माझ्या तर डोळ्यांसमोर ती विहीर उभी राहायची,” वकील म्हणाले. “लाटांसकट.”

“मला वाटलं, हेलिकॉप्टर उशिरा येत असेल,” शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या.

“पण जावई आमच्या ऑफिसात विम्यावरचा पत्ता बदलायला आले तेव्हाच मी हिला म्हटलं,” सेक्रेटरी बोलून गेले, आणि पत्नीने त्यांच्या पायावर पाय दिला. जन्मात इतक्या खोट्या साक्षी ऑडिटरसाहेबांनी एका खोलीत ऐकल्या नव्हत्या. एकही नीट पढवलेली नव्हती. त्यांनी सगळ्यांकडे पाहून मान हलवली आणि ते खाली बसले. मागच्या रांगेतून लेक उठून आली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

नियम मंजूर झाला. संस्थेलाही तो आवडला, पण पैसे सोडण्याआधी तिच्या हिशोब विभागाने पत्र धाडलं की आता मुलांना त्रास उरलेला नाही असा प्रभाग कार्यालयाचा दाखला जोडावा. ऑडिटरसाहेब गेले. स्वेटरवाल्या कारकुनाने छापील कागद काढला, सही केली आणि वर म्हणाला, “तेव्हाच नेला असता तर एक खेप वाचली असती.” गच्चीवरच्या खोलीचं काम सुरू व्हायचं आहे. टाकीची नळी आधी बसवावी की नंतर, यावर सध्या दोन तट आहेत.

बिट्टीचं मात्र काही कळत नव्हतं. सभेत आजोबा काय बोलले ते तिला आईने सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि चित्र काढत बसली. ऑडिटरसाहेबांना शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. तू रागावलीस का? तुला किती दिवसांपासून माहीत होतं? पण नियम त्यांनी स्वतः केला होता, आणि आपला नियम मोडणारा माणूस त्यांना पाहवत नसे.

एका दुपारी शाळेच्या गाडीतून उतरवून ते तिला घरी आणत होते. लिफ्ट बंद होती. जिन्यात शिकवणीवाल्या बाई भेटल्या, त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी आठवून मिटलं, आणि “ऊन फार आहे” एवढंच म्हणून निघून गेल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर साहेबांना दम लागला म्हणून ते पायरीवर टेकले. बिट्टी समोर उभी राहिली, दप्तर पाठीवर.

“आजोबा.”

“हं.”

“मला बाबांची खूप आठवण येते.”

वर्षभरात हे ती पहिल्यांदा म्हणत होती. तेलाच्या विहिरीच्या उत्तरांत हे कुठे बसतच नव्हतं. ऑडिटरसाहेब तिच्याकडे बघत राहिले.

“रविवारी बोलावू त्यांना,” ते म्हणाले. “मी स्वतः फोन करतो.”

“इथे?”

“इथेच. आपल्या घरी.”

“सगळे बघतील.”

“बघू देत.”

बिट्टीने त्यांना नीट न्याहाळलं. मान थोडी तिरकी, एक डोळा बारीक. हे कोणाकडून आलं ते साहेबांना कळलं आणि बरं वाटलं नाही.

“तुम्हाला वाईट वाटेल,” ती म्हणाली.

“वाटेल थोडं,” ऑडिटरसाहेब म्हणाले. “पण ते माझं मी बघेन. तू नाही बघायचं.”

तिने क्षणभर विचार केला. मग दप्तर पाठीवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती वर पळत सुटली.